उंबरठ्याबाहेर

भुतांविषयी माझे मत विचारावयास कोणी येत नाही, हे एकपरी बरेच आहे. इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापकाने भुतांवर विश्वास ठेवावा अशी कोणाची अपेक्षा नसते. आणि ज्याचे बालपण किन्हीराजासारख्या गावात गेले त्याने तो मुळीच ठेवू नये, ही अपेक्षाही फाजीलच म्हणावी लागेल. ह्या दोन अपेक्षांच्या मधोमध बसून मी पन्नाशी ओलांडली. दिवसा वर्गात मी पिशाचकथांची साधकबाधक चर्चा करतो, आणि रात्री गावी ओढ्याकाठच्या पिंपळाखालून जावयाची वेळ आली म्हणजे सहज म्हणून मोठ्याने खाकरतो. ही खाकरण्याची सवय मला लहानपणी लागली ती अजून गेलेली नाही. तिचा ह्या लेखाशी थोडा संबंध आहे, म्हणून ती प्रथमच सांगून टाकली.

किन्हीराजा हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील गाव. मी शाळेत होतो तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता. १९९८ साली वाशीम निराळा झाला. माझ्या लहानपणी माणसांची नसली तरी भुतांची आमच्या गावात चांगली व्यवस्था होती. पिंपळावर सोडमुंजेपूर्वीच गेलेला मुंजा, विहिरीत आसरा, शिवेवर खवीस, आणि अमावास्येला सर्वांवर देखरेख करावयास वेताळ. ह्या मंडळींचा एक मोठा गुण असा की, प्रत्येकाचे ठिकाण ठरलेले असे. मुंजा कधी पिंपळ सोडून आमच्या ओसरीवर आला नाही. आसरांनी पाण्याची हद्द ओलांडली नाही. शिवाय प्रत्येकाची काहीतरी मागणी असे. कोणाला दहीभात, कोणाला नारळ, कोणाला नुसते लिंबू. ती पुरवली की प्रकरण मिटले. आमच्या भुतांशी व्यवहार करता येत असे.

माझी आत्या ह्या शास्त्रातील अधिकारी बाई होती. ती लहान वयात विधवा होऊन माहेरी आली आणि मग तिथेच राहिली. तिने आम्हा मुलांना एक नियम घालून दिला होता. रात्री बाहेरून कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यावयाची नाही, दुसरीलाही नाही. भूत दोनदाच हाक मारते. तिसरी हाक आली म्हणजे समजावे की बाहेर माणूस आहे, आणि मग उठून दार उघडावे. हा नियम मला इतका पाठ होता की, पुढे महाविद्यालयात पाठ केलेल्या इंग्रजी कवितांपैकी एकही इतकी पाठ राहिली नाही.

ज्याच्याशी व्यवहार करता येत नाही असे भूत मी प्रथम पाहिले ते पुण्यास. त्या वेळी मी नवा व्याख्याता होतो, आणि चित्रपटाचा रसास्वाद कसा घ्यावा हे शिकविणाऱ्या एका उन्हाळी वर्गास गेलो होतो. १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची कीर्ती ऐकून होतो. पण शंभर माणसे अंधारात बसून एक मूकपट पाहत आहेत आणि कोणी खोकतदेखील नाही, हा अनुभव नवा होता. चित्रपट जर्मन होता. नाव ‘नोस्फेराटू’, साल १९२२, दिग्दर्शक मुर्नाऊ. रक्तपिशाचावरील जे चित्रपट आज शिल्लक आहेत त्यांतील हा अगदी आरंभीचा, आणि माझ्या मते अजूनही सर्वांत भयंकर.

कथा थोडक्यात अशी. विस्बोर्ग नावाच्या एका कल्पित जर्मन गावात, १८३८ साली, घरे विकण्याच्या धंद्यातील हुटर नावाचा एक आनंदी तरुण राहत असतो. त्याचा मालक नॉक त्याला दूर डोंगराळ मुलखात एका सरदाराकडे पाठवितो. सरदाराला विस्बोर्गमध्ये घर पाहिजे आहे. हा सरदार ऑर्लोक म्हणजेच ते पिशाच. हुटरच्या पत्नीचे, एलेनचे, चित्र त्याच्या दृष्टीस पडते आणि तो नेमके हुटरच्या घरासमोरचे घर विकत घेतो. मग मातीने भरलेल्या शवपेट्यांतून, गलबतावरून, उंदरांसह तो विस्बोर्गास येतो, आणि त्याच्यामागोमाग गावात मरीची साथ येते. एका पोथीत एलेनला उपाय सापडतो: एखाद्या निष्पाप स्त्रीने स्वखुशीने त्याला कोंबडा आरवेपर्यंत आपल्यापाशी थांबवून ठेविले तरच त्याचा नाश होईल. ती खिडकी उघडते. तो जिना चढून येतो, आणि आपल्याला दिसते ती केवळ भिंतीवरून सरकणारी त्याची छाया, तिचे लांबलचक हात, तिची नखे. सकाळ होते, उन्हात तो धुरासारखा विरून जातो, आणि एलेनही मरते.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ ह्या १८९७ च्या कादंबरीवरून ही कथा उचललेली आहे हे कोणाच्याही ध्यानात येईल. ते स्टोकरच्या विधवेच्याही ध्यानात आले. परवानगी न घेता नुसती नावे बदलून काढलेल्या ह्या चित्रपटाविरुद्ध फ्लोरेन्स स्टोकरबाईंनी दावा लावला. निर्मात्या कंपनीचे दिवाळे वाजले. आणि १९२५ साली न्यायालयाने सर्व प्रती नष्ट कराव्यात असा हुकूम दिला. परंतु काही प्रती तोवर देशोदेशी पोचल्या होत्या, त्या वाचल्या. १९३१ साली अमेरिकेत रीतसर परवानगीने ‘ड्रॅक्युला’ निघाला, आणि त्यात बेला लुगोसीने उभा केलेला सरदार जगभर गाजला. पण लुगोसीचा ड्रॅक्युला हा काळा झगा घातलेला, अदबीने बोलणारा गृहस्थ आहे. त्याच्याबरोबर बसून चहा घेता येईल. मॅक्स श्रेकने रंगविलेला ऑर्लोक टकला, कानांनी टोकदार, पुढच्या दोन दातांनी थेट उंदीर. तो मोहवीत नाही, तो नुसता येतो.

कादंबरीपासून मुर्नाऊने केलेली दोन स्थित्यंतरे मला फार महत्त्वाची वाटतात. स्टोकरचा सरदार दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यांतून फिरतो. उन्हाने त्याची शक्ती कमी होते इतकेच. ऊन लागताच पिशाच नाहीसे होते ही कल्पना ह्या चित्रपटाची, आणि पुढे शंभर वर्षांतील बहुतेक रक्तपिशाचांनी ती येथूनच उसनी घेतली. दुसरे स्थित्यंतर माझ्या व्यवसायबंधूंना लागेल असे आहे. कादंबरीत एक विद्वान प्राध्यापक येतो आणि आपल्या ज्ञानाच्या बळावर सर्वांना वाचवितो. चित्रपटातील प्राध्यापक विद्यार्थ्यांना किडे खाणारी वनस्पती दाखवितो, तिच्यावर व्याख्यान देतो, आणि शेवटी सर्व संपल्यावर दारात येऊन उभा राहतो. पुण्याच्या त्या वर्गात मी ह्या पात्राकडे पाहून हसलो होतो. माझ्या त्या वेळच्या वहीत छायाप्रकाशाविषयी तीन पाने आहेत, अभिव्यक्तिवादाविषयी दोन, आणि गावातील माणसांविषयी एकही ओळ नाही.

पुढे वीस-बावीस वर्षे मी हा चित्रपट विद्यार्थ्यांस दाखवीत आलो. २०१८ च्या दिवाळीत मात्र मला तो गावी दाखविण्याची लहर आली. प्रोजेक्टर मी नुकताच घेतला होता, आणि वाड्याच्या अंगणातील लांब भिंतीला दिवाळीचा नवा चुना लागला होता. प्रेक्षक म्हणजे आळीतील पंधरा-वीस मुले, दोन-तीन शेजारी, बाजेवर वाकळ पांघरून बसलेली पंच्याऐंशीच्या घरातील आत्या, आणि चाकणच्या एका कारखान्यातून सणासाठी आलेला माझा चुलत भाऊ. तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान. काका-काकू गेल्यावर वाड्यातील त्याच्या वाट्याची बाजू एका पावसाळ्यात बसली. तेव्हापासून तो गावी आला म्हणजे आमच्याकडेच उतरे. पण वाडा समाईक होता. ज्या भिंतीवर मी चित्रपट दाखवीत होतो तिच्यावर माझा जेवढा हक्क होता तेवढाच त्याचा होता.

मूकपटातील पाट्या मी मोठ्याने वाचून मराठीत सांगत होतो. कीर्तनकाराला जो आनंद होत असेल तो मला त्या रात्री झाला. माझ्यापाशी होती ती निव्वळ काळीपांढरी प्रत. मुळात हा चित्रपट रंगात बुडविलेला होता. रात्रीची दृश्ये दिवसा टिपून त्या फितीला निळा रंग दिलेला असे, म्हणजे प्रेक्षकाने ती रात्र समजावयाची. काळ्यापांढऱ्या प्रतीत तो निळा रंग नाहीसा झाला आणि ऑर्लोक लख्ख उन्हात हिंडू लागला. माझ्या भावाच्या डोळ्यांतून हे सुटले नाही. “हा त दिवसाढवळ्या फिरून राह्यला, दादा,” तो म्हणाला, “याले ऊन लागत नाही काय?” मी निळ्या रंगाची हकीकत सांगितली. त्याने ती ऐकून घेतली, पण त्याचे समाधान झाल्याचे दिसले नाही.

गावात साथ पसरते तो भाग आला तेव्हा अंगणात चुळबुळ थांबली. एक मनुष्य हातात खडू घेऊन घराघरांच्या दारांवर फुल्या करीत जातो. दवंडी पिटवून सांगतात की, रोग्यास इस्पितळात आणू नका. अरुंद रस्त्यावरून शवपेट्यांची रांग चाललेली आहे आणि ती एका वरच्या खिडकीतून दिसते. मग गावाला कोणीतरी अपराधी पाहिजे असतो, म्हणून लोक वेड्या झालेल्या नॉकच्या पाठीस लागतात, त्याला दगड मारतात, शेतातून त्याचा पाठलाग करतात; आणि दूरवर दिसणाऱ्या एका आकृतीवर तुटून पडून तिच्या चिंध्या करतात ते एक बुजगावणे निघते. आमची पोरे ह्या ठिकाणी पोट धरून हसली. बुजगावण्याला फसणारी शहाणी माणसे त्यांनी प्रथमच पाहिली होती.

आत्या हसली नाही. तिची नजर गलबतावरील पेट्यांतून निघणाऱ्या उंदरांपासून हललीच नव्हती. चित्रपट संपल्यावर ती म्हणाली, “हे भूत नोहे, बापू. हे त मरी होय. भूत उंदरं घेऊन येत नसते.” मग तिने आपल्या आईकडून ऐकलेले सांगितले. घराच्या आढ्यावरून मेलेले उंदीर पडू लागले की गाव मोकळे करावयाचे आणि शेतात झोपड्या घालून राहावयाचे. त्यानंतर काही वर्षांनी मानमोडीचा ताप आला. तेव्हा उंदीर पडले नाहीत, म्हणून कोणी गाव सोडले नाही, आणि एकेका घरातून तीन-तीन माणसे गेली. तिच्या आईने मरीआईचा गाडा पाहिला होता. लाकडी गाड्यावर नैवेद्य, लिंबे, बांगड्या ठेवून वाजतगाजत तो गावाच्या शिवेपलीकडे लोटून द्यावयाचा. पुढच्या गावाने तो त्याच्या पुढच्या शिवेवर न्यावयाचा. “अन् मंग शेवटच्या गावानं काय करावं?” माझ्या भावाने विचारले. आत्या म्हणाली, “शेवटचं गाव कोनाले पुसते?”

मी वीस-बावीस वर्षे हा चित्रपट शिकवीत होतो, आणि त्याचा विषय मला माझ्या अक्षरशत्रू आत्याने एका वाक्यात सांगितला. आता तारखा माझ्याभोवती आपोआप उभ्या राहिल्या. स्टोकरची कादंबरी लंडनमध्ये निघाली ती १८९७ च्या मे महिन्यात. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत ग्रंथिज्वर आला होता. १८९७ च्या जानेवारीत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन ह्यांनी आपली नवी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यास सोजीर घरांत शिरून रोगी शोधू लागले. आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. परदेशातून गलबतावरून येणाऱ्या आणि घराघरांत शिरणाऱ्या मृत्यूची कथा लंडनचा वाचक कल्पित म्हणून वाचीत होता, त्याच महिन्यांत पुण्याचा माणूस ती भोगीत होता. मुर्नाऊने चित्रपट घेतला तो १९२१ साली, म्हणजे महायुद्ध आणि मानमोडीची साथ संपून दोन-तीन वर्षेच झाली होती. १९१८ च्या त्या साथीचा तडाखा ब्रिटिश हिंदुस्थानात ज्या प्रांतांना सर्वांत अधिक बसला त्यांत मध्यप्रांत व वऱ्हाड होते. बर्लिनमध्ये ४ मार्च १९२२ रोजी ज्यांनी हा चित्रपट प्रथम पाहिला त्यांना त्या दारांवरील फुल्या समजावून सांगाव्या लागल्या नसतील. माझ्या आत्यालाही त्या समजावून सांगाव्या लागल्या नाहीत. मधल्या काळातील आम्हा सुखवस्तू लोकांनाच छायाप्रकाश दिसत होता.

हे सर्व मी पुढल्या वर्षी वर्गात मोठ्या उत्साहाने सांगितले. विद्यार्थ्यांना ते आवडले. एका साथीविषयी इतके चांगले बोलता येते त्याला दुसरी आली असता कसे वागावे हेही समजत असेल, असा त्यांचा समज झाला असावा. माझाही तसाच होता.

२०२० च्या मार्चमध्ये १८९७ चाच तो कायदा कपाटातून बाहेर निघाला. महाविद्यालय बंद झाले आणि मी आत्याच्या सोबतीला किन्हीराजास येऊन राहिलो. नागपूरकडून मालेगावकडे जाणारा हमरस्ता आमच्या गावावरून जातो. एरवी रात्रंदिवस वाहणारा तो रस्ता ओस पडला, आणि नंतर त्यावरून पायी चालणारी माणसे दिसू लागली. डोक्यावर बोचकी, कडेवर मुले, पायांत फाटक्या चपला. आजूबाजूच्या गावांनी आपापल्या वाटांवर बाभळीच्या काट्या टाकल्या. आमच्याही गावाने टाकल्या. मी ग्रामपंचायतीला एक सूचनापत्रक शुद्ध मराठीत लिहून दिले. बाहेरगावाहून आलेल्या इसमाने परस्पर कोणाच्या घरी जाऊ नये, असे त्यातले पहिले कलम होते.

एप्रिलमधील एका रात्री, बारा वाजून गेल्यावर, अंगणातून हाक आली. “दादा.”

मी जागाच होतो. आवाज ओळखला. चाकणचा कारखाना बंद होऊन दोन आठवडे झाले होते. फोनवर तो म्हणाला होता की, खोलीचे भाडे संपले, काहीतरी करून येतो. मी म्हणालो होतो, येऊ नकोस. चारशे किलोमीटरांहून अधिक वाट, काही ट्रकच्या टपावरून आणि उरलेली पायी, तो तुडवून आला होता. मी खिडकीच्या फटीतून पाहिले. रस्त्यावरचा दिवा त्याच्या पाठीमागे होता. त्यामुळे तो दिसत नव्हता, भिंतीवर पडलेली त्याची सावली दिसत होती. डोक्यावर गाठोडे, खांद्याला पिशवी, लांबच लांब हात. तीच भिंत. चुना अजून पांढरा होता.

“दादा,” दुसरी हाक आली. आत आत्या झोपली होती. छ्याऐंशीव्या वर्षी तिला काही झाले तर, असे मी मनाशी म्हटले. हे कारण खोटे नव्हते. ते माझ्या फार सोयीचे होते, इतकेच. कारण भीती मला माझीही वाटत होती, आणि ती अधिक होती. दारातून दोन शब्द बोलता आले असते. शाळेच्या व्हरांड्यात जाऊन नीज, सकाळी भाकर घेऊन येतो, एवढे सांगता आले असते. तेही मी केले नाही. बोललो तर तो जवळ येईल, जवळ आला तर दार उघडावे लागेल, अशी काहीशी माझी बुद्धी चालली होती.

तिसरी हाक आली.

आत्याच्या नियमाप्रमाणे आता शंकेस जागा नव्हती. मी दाराच्या अलीकडे, अंधारात, कडीवर हात ठेवून उभा होतो, आणि लहानपणापासूनच्या सवयीने खाकरलो. बाहेर काही वेळ सामसूम झाली. मग चपलांचा आवाज दूर जाऊ लागला, आणि सावली भिंतीवरून आडवी सरकत गेली.

स्टोकरच्या कादंबरीत असा एक नियम आहे की, घरातील कोणी बोलाविल्याखेरीज ते पिशाच प्रथम उंबरठा ओलांडू शकत नाही. बोलावणे आले की मग ते वाटेल तेव्हा येते. त्या रात्री अंथरुणावर पडून मी हाच नियम आठवीत होतो, आणि त्यात स्वतःसाठी काही आधार सापडतो का ते पाहत होतो. विद्येचा असाही एक उपयोग असतो.

सकाळी आत्याने विचारले, “राती कोन आलं होतं?” मी म्हणालो, “कोणी नाही. कुत्रे असेल.” वेताळपंचविशीतला वेताळ राजाला प्रत्येक गोष्टीच्या शेवटी बजावतो की, उत्तर ठाऊक असून गप्प राहशील तर तुझ्या डोक्याची शकले होतील. माझे डोके शाबूत राहिले. दुपारी शेजारच्या पोराने येऊन सांगितले की, भाऊ शाळेत आहे, पंचायतीने त्याला चौदा दिवस तिथेच राहावयास सांगितले आहे. आत्याने काही न बोलता चार भाकरी थापल्या, ठेचा वाटला, फडक्यात बांधला आणि गाठोडे माझ्या हातात दिले. मी ते शाळेच्या पायरीवर ठेवून दहा हात मागे सरलो. तो बाहेर आला, ते उचलून म्हणाला, “आत्या बरी आहे ना?” चौदा दिवस त्याला साधे पडसेदेखील झाले नाही. पंधराव्या दिवशी तो आपल्या वाट्याच्या पडक्या बाजूवर ताडपत्री टाकून राहू लागला. आमच्या ओसरीवर तो आला नाही, आणि मीही त्याला ये म्हटले नाही; ते म्हणण्यासाठी आधी दुसरे काहीतरी म्हणावे लागले असते. आत्या मात्र तेव्हापासून रात्री निजताना एक गोष्ट विचारीनाशी झाली. “आतून कडी घातली का?” हा तिचा साठ वर्षांचा प्रश्न होता.

भाऊ पुन्हा चाकणला गेला नाही. त्याने कर्ज काढून एक जुनी मालवाहू गाडी घेतली आणि भाजीपाला, सोयाबीन, जे मिळेल ते वाहू लागला.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मी नात्यातील एका लग्नास गेलो. पन्नासच माणसे असतील असे यजमानांनी सांगितले होते. मी मोजली नाहीत. परत आल्यावर चौथ्या दिवशी मला बारीक ताप आला. मी एक गोळी घेतली, पडसे आहे असे सर्वांना सांगितले, आणि आत्याला नेहमीप्रमाणे औषध देत राहिलो. सहाव्या दिवशी तिला ताप भरला. आठव्या दिवशी पहाटे तिला श्वास घेता येईना. रोग घरात कोठून आला ह्याचा शोध करण्याचे कारण नाही. त्या पंधरवड्यात ह्या घरातून बाहेर जाऊन आलेला मनुष्य एकच होता.

रुग्णवाहिकेचा फोन लागत नव्हता. शेजारची दारे मी वाजविली, आणि आतून माणसे बोलत असलेली ऐकू येत असताना ती उघडली नाहीत. त्यांचा मला राग आला नाही. तो येण्याचा अधिकार मी वर्षापूर्वीच घालविला होता. मी परत वळलो तेव्हा आमचे दार सताड उघडे होते. भाऊ आत गेलेला होता. त्याने कोणाला हाक मारली नाही, की आत येऊ का असे विचारले नाही. त्याने तोंडाला पंचा बांधला होता आणि आत्याला वाकळीसकट दोन्ही हातांवर उचलले होते. “गाडीत गादी टाकली आहे,” तो म्हणाला, “तू डोकं धर.” तालुक्याच्या गावी खाट नव्हती. वाशीमला दुपारी मिळाली. तिसऱ्या दिवशी आत्या गेली. पुढे त्यालाही ताप आला, तो आठ दिवसांनी उतरला.

तो आजारी होता तेव्हा त्याच्या ताडपत्रीखाली मी दोन वेळा जेवण नेऊन देत असे, आणि ह्या वेळी पायरीवर ठेवून मागे सरत नसे. पण बोलावयाचे ते बोललो नाही. प्राध्यापकाला तासभर बोलण्याची सवय असते. एका वाक्याची नसते.

२०२२ साली चित्रपटाला शंभर वर्षे झाली. महाविद्यालयात मी त्यावर व्याख्यान दिले, आणि त्या दिवाळीत पोरांच्या आग्रहावरून अंगणातील भिंतीवर तो पुन्हा लावला. आत्याची बाज रिकामी होती. तिच्यावर दोन मुले बसली. भाऊ ओसरीच्या पायरीवर, माझ्याशेजारी बसला. पाट्या मी वाचीत होतो.

ऑर्लोक विस्बोर्गास पोचतो तो प्रसंग आला. गलबत धक्क्याला लागलेले आहे, गाव निजलेले आहे. एवढा मोठा सरदार. पण त्याला घ्यावयास कोणी आलेले नाही. आपली शवपेटी आपणच काखोटीस मारून तो रिकाम्या रस्त्यांतून आपल्या घराकडे चाललेला असतो. हा प्रसंग मी निदान तीस वेळा पाहिला असेन. त्यात थोडासा विनोद आहे असे मी वर्गात सांगतही असे.

भाऊ भिंतीकडे पाहत हलकेच म्हणाला, “एवढं ओझं एकट्यानं उचलून आनलं बिचाऱ्यानं. गावातल्या एकानं हात लावला नाही.”

माझी पुढली पाटी वाचावयाची राहिली. पोरे माझ्याकडे वळून पाहू लागली. तो तसाच समोर पाहत होता. थोड्या वेळाने म्हणाला, “तू जागा होता त्या राती. खाकरला होता.”

“होय,” मी म्हणालो. “मी जागा होतो. दाराशीच उभा होतो.”

त्याने मान हलविली. हिशेबातला राहिलेला एखादा आकडा जुळावा तशी ती मान हलली. मग भिंतीकडे बोट करून तो म्हणाला, “वाच ना पुढचं. पोरं थांबली आहेत.”

मी वाचू लागलो.